घुमटाखालचा आराखडा : जॉर्ज विटेटची मुंबई

मुंबईतल्या ओव्हल मैदानाच्या परिसराला युनेस्कोने २०१८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ‘व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह’ हे त्या नोंदीचे नाव, आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर आहेत. पश्चिमेला १९३० नंतर बॅकबेच्या भरावावर उभ्या राहिलेल्या, गोलसर सज्ज्यांच्या इमारती आहेत. पण या दोन नावांच्या मध्ये जी पंचवीस-तीस वर्षे येतात, त्यांना शीर्षकात जागा नाही. गंमत अशी की, परगावच्या माणसाला ‘मुंबई’ म्हटल्यावर जे चित्र आठवते ते नेमके याच वर्षांतले असते. गेटवे ऑफ इंडिया तेव्हाचा. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तेव्हाचे. बॅलार्ड इस्टेट, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, कावसजी जहांगीर हॉल, धोबीतलावचे लघुवाद न्यायालय, टाटांचे बॉम्बे हाऊस, परळचे केईएम रुग्णालय, सगळे याच काळातले. आणि या सगळ्यांमागे प्रामुख्याने एकाच वास्तुकाराचे डोके आहे. त्याचे नाव जॉर्ज विटेट. व्हीटी स्टेशनच्या निमित्ताने फ्रेडरिक स्टीव्हन्सचे नाव निदान सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तरी आले. विटेटच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

त्याचे चरित्र थोडक्यात सांगता येते, कारण त्यात नाट्य फारसे नाही. १८७८ साली स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अथोल या गावी जन्म, पर्थ येथे एका वास्तुकाराच्या हाताखाली उमेदवारी, मग एडिंबरो आणि यॉर्क येथे नोकरी. १९०४मध्ये तो मुंबईला आला तो सरकारी वास्तुकार जॉन बेग याचा सहायक म्हणून. बेग पुढे हिंदुस्थान सरकारकडे गेला आणि मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुकार हे पद विटेटकडे आले. १९१३मध्ये पुरे झालेले जनरल पोस्ट ऑफिस हे बेगचे काम. त्याच्या बांधकामावर देखरेख विटेटची होती. १९१९ साली त्याने सरकारी नोकरी सोडली आणि टाटांच्या इंजिनियरिंग कंपनीत वास्तुविभागाचा प्रमुख झाला. १९२६मध्ये आमांशाच्या विकाराने तो मुंबईतच वारला. शिवडीच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. वय अठ्ठेचाळीसही पुरे नव्हते, आणि त्यातली शेवटची बावीस वर्षे या शहरातली.

विटेटबद्दल जे काही लिहिले जाते ते दोन सुरांत. पहिला सूर पर्यटन पुस्तिकांचा: या साहेबाला भारतीय वास्तुकलेचे प्रेम होते, त्याने विजापूर-अहमदाबादच्या इमारती अभ्यासल्या आणि ‘इंडो-सारासेनिक’ शैलीत पूर्व-पश्चिमेचा संगम घडवला. दुसरा सूर अभ्यासकांचा, आणि तो जास्त कडक: हा संगम वगैरे काही नव्हता, जिंकलेल्या प्रजेच्या शिल्पातले तुकडे उचलून राजसत्तेने स्वतःला देशी भासवण्याचा तो खटाटोप होता. दोन्ही सूर एकमेकांच्या विरोधात वाटतात, पण दोघांचे लक्ष एकाच ठिकाणी खिळलेले आहे: घुमट, जाळी, छज्जा, कमान. विटेट जिथे घुमट बांधत नाही तिथे दोघेही गप्प होतात. आणि त्याच्या कामाचा निम्म्याहून मोठा भाग तसा आहे. माझे म्हणणे असे की, इमारतीची शैली कोणती हे विटेटच्या बाबतीत बहुतांशी प्रसंगाने ठरलेले आहे. इमारत कोणाच्या निमित्ताने उभी राहते आणि कोणाला उद्देशून बोलते, त्यावर तिचे रूप ठरते. त्याचे स्वतःचे जे कसब, ते जागेच्या आखणीत आहे: दिलेला जमिनीचा तुकडा, त्याचा कोपरा, त्यावर येणारे रस्ते आणि समोरची इमारत यांचा मेळ घालण्यात. हे मान्य केले की त्याच्या कामांची प्रतवारीच बदलते. गेटवे खाली येतो, बॅलार्ड इस्टेट वर चढते.

याचा पुरावा रीगल सिनेमाच्या चौकात उभा आहे. एका बाजूला वस्तुसंग्रहालय, समोर कावसजी जहांगीर हॉल आणि त्याला लागून इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. दोन्हींचा वास्तुकार विटेट, दोन्हींचा काळ एकच. संग्रहालयाची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्या, म्हणजे पुढे पाचवा जॉर्ज झालेल्या राजपुत्राच्या हस्ते बसली. १९०९मध्ये स्पर्धेतून विटेटचा आराखडा निवडला गेला. १९१४मध्ये इमारत पुरी झाली. पुरी झाली आणि लगेच महायुद्धातल्या जखमींचे इस्पितळ झाली, त्यामुळे संग्रहालय म्हणून ती लोकांना मिळाली ती १९२२च्या जानेवारीत. कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा फिकट पिवळसर दगड यांचे हे बांधकाम. मध्ये मोठा घुमट, भोवती लहान घुमट्या, पुढे आलेले झरोके, खोल छज्जे. या घुमटाचा कूळवृत्तान्त कोणी विजापूरच्या गोलघुमटाशी जोडतो, कोणी गोवळकोंड्याशी. आत शिरल्यावर मधल्या दालनात मान वर केली की वेगळेच काही दिसते: वरच्या मजल्यावर गोलाकार मांडलेले लाकडी खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, खाली कठडा. संग्रहालयाच्या स्वतःच्या इतिहासात नोंदले आहे की, हे लाकूडकाम नाशिकच्या वाड्यातून विटेटने विकत आणले. वाड्याच्या चौकातले खांब चौकोनात उभे राहण्यासाठी घडवलेले असतात. विटेटने ते घुमटाखाली वर्तुळात बसवले, मधल्या फटी कठड्याने सांधल्या आणि दोन मजल्यांची उंची एकाच नजरेत येईल अशी मोकळी सोडली. पेशवाई वळणाचा वाडा आणि सुलतानी घुमट यांची ही गाठ इतिहासाला धरून मुळीच नाही. पण दालनाचे मोजमाप इतके बरोबर साधले आहे की, खांबांचे मूळ गाव विचारायचे पाहणाऱ्याला सुचत नाही.

आता चौक ओलांडून समोर यावे. इकडे युरोपीय प्रबोधनकाळाच्या वळणाच्या कमानी, स्तंभ, शिस्तीत बसवलेल्या खिडक्या. विजापूर नाही, अहमदाबाद नाही, नाशिक तर नाहीच. या विज्ञानसंस्थेची कोनशिला गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी १९११ साली बसवली आणि संस्था १९२०मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी देणग्या दिल्या त्या सर कावसजी जहांगीर, सर जेकब ससून, सर करीमभाई इब्राहिम आणि शेठ वसनजी मुळजी यांनी: एक पारशी, एक बगदादी ज्यू, एक खोजा मुसलमान आणि एक गुजराती हिंदू. वास्तूला ‘देशी’ रूप द्यावे असा आग्रह कोणी धरायचाच तर या देशी दात्यांनी धरायचा. तसे रूप मिळाले ते मात्र समोर, राजपुत्राच्या भेटीच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या इमारतीला. संगमवादी मंडळींना या चौकात उत्तर देणे अवघड जाते. विटेटला भारतीय शैलीचा लळा होता म्हणावे, तर तीस-चाळीस पावलांवर तो लळा कुठे गेला?

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो योग्य आहे. संग्रहालयाची कल्पनाही मुंबईच्या नागरिकांच्या समितीची होती. तेव्हा ‘सरकारला देशी रूप हवे, देशी लोकांना विलायती’ अशी सरळ वाटणी टिकत नाही. खरेच टिकत नाही. विज्ञानसंस्थेतही सरकारचा हात होताच. म्हणून वाटणी पैसे देणाऱ्यावरून न करता इमारतीच्या प्रसंगावरून करावी. साम्राज्य ज्या ठिकाणी हिंदुस्थानला आपली ओळख करून देते, म्हणजे राजाच्या स्वागताची कमान, राजपुत्राचे स्मारक आणि बेगच्या हातचे टपाल कार्यालय, तिथे गोलघुमट आणि सुलतानी कमानी अवतरतात. आणि मुंबई ज्या ठिकाणी जगाला आपली ओळख करून देते, ‘आमच्याकडेही प्रयोगशाळा आहे, न्यायासन आहे, बोटींच्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत’ असे सांगते, तिथे विलायती घडण येते. लग्नाचा शालू आणि कचेरीचा सूट एकाच शिंप्याने शिवावा तसा हा प्रकार. शिंपी चांगला की नाही, हे शालू बघून ठरत नाही आणि सूट बघूनही ठरत नाही. बेतणी बघावी लागते. रीगल चौकातली बेतणी अशी: संग्रहालय बागेच्या आत, रस्त्यापासून मागे सरकलेले, आणि त्याचा घुमट दुरून दिसावा एवढे मोकळे आकाश त्याला ठेवलेले. समोरचा हॉल मात्र रस्त्याला भिडलेला, चौकाचा कोपरा अडवून धरणारा. एक इमारत मागे हटते, दुसरी पुढे येते, आणि पाच-सहा रस्ते जिथे येऊन मिळतात ती मोकळी जागा विसकळीत न वाटता चौक वाटते. पुढे १९३३मध्ये रीगल आले तेही या मांडणीत मुकाट्याने सामावले.

गेटवेची गोष्ट याच मापाने मोजली तर उलटी निघते. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तिथे कमान नव्हती. प्रसंगापुरता उभारलेला मंडप होता. विटेटचा अंतिम आराखडा १९१४मध्ये मंजूर झाला, मग समुद्रात भराव आणि धक्क्याची भिंत यांत १९१५ ते १९१९ ही वर्षे गेली, १९२०मध्ये पाया पुरा झाला आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उद्घाटन केले. खर्च सुमारे २१ लाख रुपये. मधल्या काळात, १९२१च्या नोव्हेंबरमध्ये, पुढचा युवराज मुंबईत उतरला तो बहिष्कार, हरताळ आणि दंगलीच्या वातावरणात. तेव्हाही कमान अर्धवटच होती. ती पुरी झाल्यावर इंग्लंडचा एकही राजा राज्यावर असताना तिच्याखालून आला नाही. तिच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा सोहळा निरोपाचा: २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पलटण, शेवटची ब्रिटिश तुकडी, याच कमानीतून समुद्राकडे चालत गेली.

राजकीय विडंबन म्हणून हे सगळे चवीने सांगितले जाते. पण वास्तूकडे पाहायचे तर त्याहून महत्त्वाची बाब वेगळी आहे. गेटवेकडे समोरून सरळ येणारा रस्ता नाही. विटेटच्या योजनेत प्रशस्त मार्ग होता. पैसे संपले, मार्ग झाला नाही. त्यामुळे आज जो रस्ता येतो तो कमानीशी तिरका येतो. सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या वळणाची ही वास्तू, पिवळसर बेसाल्ट आणि सिमेंट काँक्रीटची, ८३ फूट उंच, मध्ये ४८ फूट व्यासाचा घुमट आणि दोन्ही अंगांना दालने. ती समोरून पाहायची तर समुद्रातून, लाँचमध्ये बसून पाहावी लागते. घारापुरीहून किंवा मांडव्याहून परत येणाऱ्याला ती जशी दिसते तशी कुलाब्याहून चालत येणाऱ्याला कधीच दिसत नाही. शहराच्या बाजूने ती एक सुटी वस्तू वाटते, आणि तिच्या शेजारी ताजमहाल हॉटेल इतके उंच की, तिचा आकारही आकसतो. हे हॉटेल १९०३पासून तिथे होते. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांच्या आराखड्यावर ते उभे राहिले. म्हणजे विटेट भारतात पाऊल ठेवण्याआधीच एका मराठी वास्तुकाराने या किनाऱ्याची उंची ठरवून टाकली होती. दोष विटेटचा नाही असे म्हणता येईल, कारण मार्ग रद्द करणारा तो नव्हे. पण त्याचे उत्तम काम कोणते हे ठरवताना, ज्या कामातून त्याची मुख्य कल्पनाच गळाली ते काम अग्रभागी ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. दगडातली जाळी ग्वाल्हेरहून आली हे खरे, ती नाजूक आहे हेही खरे. जाळीमुळे चौक होत नाही.

बॅलार्ड इस्टेटमध्ये मात्र त्याला सगळे हवे तसे मिळाले. बॉम्बे पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदी खणायला घेतली, ती १९१४मध्ये खुली झाली. आजची ही इंदिरा गोदी. खोदकामातून निघालेली माती आणि दगड टाकून गोदीच्या पश्चिमेला सुमारे २२ एकर नवी जमीन तयार झाली, आणि १९१४ ते १९१८ या युद्धाच्या वर्षांत तिच्यावर वसाहत आखली गेली. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव तिला मिळाले. इथे तीन गोष्टी एकत्र आल्या ज्या मुंबईत क्वचितच येतात: जमीन कोरी, मालक एक, आणि भाडेपट्ट्याच्या अटी मालकाच्या हातात. मुंबईतली बाकीची जमीन वाडी-आळ्यांतून, वारसाहक्कांतून, तंट्यांतून तुकड्यातुकड्याने वाढलेली. तिथे शेजारच्याने किती मजले चढवावे हे सांगण्याची कोणाची टाप नव्हती. बॅलार्ड इस्टेटमध्ये सांगता आले. कंपन्या वेगळ्या, इमारती वेगळ्या, पण कॉर्निसची रेषा एका उंचीत धावते. तळमजल्याचा भक्कम दगडी थर, वरच्या मजल्यांच्या खिडक्यांचा ठेका, सगळे जुळते. कोपऱ्यावरच्या इमारतींकडे विशेष लक्ष द्यावे. गोदी विभागातले रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे इमारत काटकोनात तुटत नाही. कोपरा वळवून किंवा छाटून नजर पुढच्या रस्त्यावर नेली जाते. कितीतरी कोपरे असे आहेत की, तिथे उभे राहिल्यावर दोन्ही रस्त्यांचा शेवट दिसतो. रस्ते रुंद, झाडे ओळीने, मजले चार-पाच. एडवर्ड राजाच्या काळातल्या लंडनची आठवण होते म्हणतात, होत असेल. पण लंडनमध्ये एवढा सलग तुकडा एकाच हाताच्या शिस्तीत उभा राहण्याची संधी कितीशा वास्तुकारांना मिळाली?

इथे टीकाकार म्हणेल की, ही शिस्त कोणासाठी होती ते आधी सांगा. गिरणगावात एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत होती, त्याच वर्षांत पी अँड ओच्या उतारूंसाठी आणि आगबोट कंपन्यांसाठी झाडांच्या सावलीतले रुंद रस्ते बांधले जात होते. आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. बॅलार्ड इस्टेट ही बंदरातून संपत्ती बाहेर नेणाऱ्या व्यवस्थेची कचेरी होती. विटेटने त्या व्यवस्थेला प्रश्न विचारल्याची कुठे खूण नाही. तो तिचा पगारी माणूस होता. तरीही दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. पहिली ही की, साम्राज्याच्या सेवेतल्या सगळ्या इमारती सारख्या वाईट किंवा सारख्या चांगल्या नसतात, आणि हा फरक समजून घेतल्याशिवाय आपल्या हाती आलेल्या शहराचे पुढे काय करायचे हेही कळत नाही. दुसरी जरा जास्त रोचक आहे. १९१९मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आदींनी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि त्याच वर्षी ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईतून विलायतेला हाकारली. ब्रिटिश बोट कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्धची ही लढाई. त्या सिंधिया कंपनीने पुढे आपले कार्यालय बांधले ते बॅलार्ड इस्टेटमध्येच, प्रतिस्पर्ध्यांच्या ओळीत. आज तिथल्या रस्त्यांना नरोत्तम मोरारजी आणि शूरजी वल्लभदास यांची नावे आहेत. स्वदेशी जहाजवाल्यांना इमारतींचे विलायती रूप खटकले नाही; त्यांना त्या रांगेतली जागा हवी होती. चांगली आखलेली जागा मालक बदलला तरी कामाला येते, आणि सजावटीच्या राजकारणापेक्षा जागेची आखणी तपासावी असे मी म्हणतो ते याच कारणाने. पुढील पानांत आराखड्यांची आणि छायाचित्रांची सुरुवात बॅलार्ड इस्टेटपासून केली आहे तीही म्हणूनच. वाचकाने गेटवेकडे थेट उडी मारली तर अडवता येणार नाही, पण नकाशे आधी पाहावेत ही विनंती.

दुसरा आक्षेप असा की, एवढ्या इमारतींचे श्रेय एका माणसाला देणे हीच वसाहतकाळाची खोड. सरकारी वास्तुकाराच्या कार्यालयात नकाशे काढणारे, मोजमापे घेणारे, अंदाजपत्रके करणारे बहुतेक सगळे हिंदी लोक होते. दगड घडवणारे पाथरवट आणि रचणारे गवंडी यांची नावे कुठल्याच शिलालेखावर नाहीत. गेटवेच्या बांधकामाशी जोडलेले रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई यांचे नाव पाठारे प्रभू समाजाने अभिमानाने जपले म्हणून निदान तेवढे तरी आपल्यापर्यंत पोचले. त्याच गेटवेच्या पायाचे काँक्रीट हा गॅमन या बांधकाम कंपनीच्या कामांचा भाग होता. आणि १९१३च्या टपाल कार्यालयात बेग कुठे संपतो आणि विटेट कुठे सुरू होतो हे भिंत पाहून सांगता येणार नाही. हे सगळे कबूल करूनही ‘विटेटच्या इमारती’ हा शब्दप्रयोग मी वापरतो, कारण इथे मांडलेला दावा घडाईविषयीचा नाही. दगडातल्या जाळीचे कौतुक करायचे असेल तर ते पाथरवटाच्या नावाने करावे. तिथे विटेट आणणे चूक. पण संग्रहालय रस्त्यापासून किती मागे घ्यायचे, बॅलार्ड इस्टेटचा कॉर्निस कोणत्या उंचीवर बांधून ठेवायचा, हे निर्णय आराखड्याच्या टेबलावर होतात आणि त्यांची जबाबदारी सही करणाऱ्याची असते. श्रेयाचा हिशेब असा वेगवेगळा मांडला तर कोणाचेच बुडत नाही. त्या टेबलावरचे ज्ञान त्याने फक्त साहेबांपुरते ठेवले असेही नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुविद्या शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांनी १२ मे १९१७ रोजी आपली संघटना काढली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष विटेट होता. तीच संघटना पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलची आर्ट डेको मुंबई ज्या भारतीय वास्तुकारांनी घडवली, त्यांच्यातले बरेचसे याच शाळेच्या परंपरेतले. युनेस्कोच्या शीर्षकातल्या दोन नावांमधली पोकळी अशी मुळात पोकळी नव्हतीच.

सरकारी नोकरी सोडल्यानंतरची सात वर्षे विटेटच्या टीकाकारांनी आणि चाहत्यांनी सारखीच दुर्लक्षित केली आहेत. १९२४ साली एकीकडे गेटवेचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी फोर्टमध्ये बॉम्बे हाऊस उभे राहिले. हिंदुस्थानातल्या सर्वांत मोठ्या देशी उद्योगसमूहाचे हे मुख्यालय. मालाडच्या दगडातली, अरुंद रस्त्यावरची, आवाज न करणारी इमारत. इतकी की, कितीतरी माणसे तिच्यावरून रोज जातात आणि ही टाटांची कचेरी हे त्यांना फाटकावरच्या पहाऱ्यावरून कळते. देशी मालकाने विटेटला आता मोकळीक दिली होती. त्याने घुमट काढला नाही, मालकाने मागितलाही नाही. अरुंद रस्त्यावर घुमट दिसलाही नसता. जागा ओळखून बांधायची सवय एवढाच या इमारतीचा खुलासा पुरेसा आहे.

परळला हीच गोष्ट अधिक मोठ्या मापात आहे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या मालमत्तेतून वैद्यकीय महाविद्यालयासाठी जी देणगी आली तिला अट होती की, तिथले अध्यापक आणि डॉक्टर भारतीयच असावेत, सरकारी सेवेतले नसावेत. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या मोठ्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखीव असण्याच्या काळातली ही अट. त्यातून १९२५-२६मध्ये महापालिकेचे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभे राहिले. नाव सातव्या एडवर्डचे, अट स्वदेशीची, आराखडा विटेटचा. शेजारचे वाडिया प्रसूतिगृहही त्याचेच. ‘साम्राज्याचा वास्तुकार’ हे लेबल लावणाऱ्यांनी या इमारतीचे काय करायचे ते ठरवावे. ‘पूर्व-पश्चिम संगम’वाल्यांनीही ठरवावे, कारण त्यांना हवे ते इथे शोधून सापडणार नाही. गिरणगावाच्या मध्यभागी, जिथे रुग्ण पायी किंवा ट्रामने येऊ शकतील अशा ठिकाणी, ते बसवलेले आहे. परगावचे पाहुणे टॅक्सी करून गेटवे पाहायला जातात. केईएमला कोणी इमारत पाहायला जात नाही; लोक तिथे सकाळी सातपासून केसपेपर काढायला रांग लावतात, आणि इतकी वर्षे झाली तरी ती रांग त्याच आवारात मावते आहे.